साहाय्य कोणाच्या नावे?
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या संस्थेने आपत्ती साहाय्य निधी उभारण्याचा ठराव एकमताने संमत केला. निधीस देणग्याही येऊ लागल्या आहेत. परंतु तो कोणास, कशाच्या आधारे व किती द्यावयाचा, याची नियमावली अद्याप व्हावयाची असून ती येत्या सभेपुढे यावयाची आहे. या नियमावलीच्या संबंधाने चार विचार मांडावेत, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. खेड्यातील शाळेत मुलांस अंकगणित आणि भूगोल शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने अर्थकारणावर बोलावे हे कोणास धाडसाचे वाटेल. आमचे म्हणणे इतकेच की, आजचा विषय मुळात अंकगणिताचा व भूगोलाचाच आहे.

आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलेमुली आज अमेरिकेत आहेत. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा तेथील सरकारने शेतकऱ्यांस कोट्यवधी डॉलर वाटले, ही वार्ता त्यांच्याकडूनच आपल्या घरोघरी पोहोचली. तेव्हापासून आपल्या मंडळीत एक समज रूढ झाला आहे की, तिकडे सरकार देते ते सर्वांस मिळते आणि इकडे मात्र वाटेतच जिरते. हा समज कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी आपण अमेरिकेतील एका ग्रामीण काउंटीत जाऊ. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुका आणि जिल्हा यांच्या दरम्यानचा एक कारभारी विभाग समजावा.

मिनेसोटा या उत्तरेकडील राज्यात अशा ८७ काउंटी आहेत. त्यांपैकी नैऋत्य कोपऱ्यात, आयोवा राज्याच्या सीमेस लागून, नोबल्स नावाची काउंटी आहे. लोकवस्ती अवघी बावीस हजारांच्या घरात. सपाट काळी जमीन, तीत मका व सोयाबीन, आणि त्या धान्यावर पोसलेली डुकरे, हा तेथील व्यवसाय. वराहपालनाचा विषय या सभेत काही जणांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्याकडे जसा ऊस किंवा कांदा, तसे तेथे ते पीकच होय, असे समजून आपण ऐकावे.

या काउंटीचे मुख्य गाव वर्दिंग्टन. तेथे जेबीएस या कंपनीचा मांसप्रक्रियेचा मोठा कारखाना आहे. त्यात दोन हजारांहून अधिक कामगार असून दिवसाला सुमारे वीस हजार डुकरांवर तेथे प्रक्रिया होत असे. कामगार बहुतांशी दूरदेशीचे. कोणी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले, कोणी ब्रह्मदेशातील कॅरेन जमातीचे, कोणी पूर्व आफ्रिकेतील. खांद्यास खांदा लावून उभे राहावयाचे ते काम असल्याने साथ तेथे वणव्यासारखी पसरली. लोकसंख्येच्या मानाने अत्यंत बाधित अशा देशातील काउंटींत या लहानशा काउंटीची गणना होऊ लागली, आणि २० एप्रिल २०२० रोजी कारखाना बंद झाला.

कारखाना बंद झाला म्हणजे शेतकऱ्याचे काय झाले? डुकराचे पिल्लू सुमारे सहा महिन्यांत सव्वाशे किलोंच्या आसपास भरते, आणि त्याच आठवड्यात ते विकले जावे लागते. त्याहून मोठे झालेले जनावर कारखान्याच्या यंत्रावर नीट बसत नाही; शिवाय मागून येणाऱ्या पिल्लांस जागा रिकामी करून द्यावी लागते. भुईमूग कणगीत राहील, कापूस घरात राहील. ही जनावरे राहू शकत नाहीत. परिणामी त्या वसंतात मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांत हजारो निरोगी डुकरे मारून टाकावी लागली. तोच वर्दिंग्टनचा कारखाना एप्रिलअखेरीस अंशतः उघडला तो मांसासाठी नव्हे, तर केवळ जनावरे मारण्यासाठी. एकीकडे शहरांतील दुकानांत मांसाचा तुटवडा, आणि दुसरीकडे शेतावर तेच अन्न मातीत, असा तो विपरीत प्रकार होता.

अशा प्रसंगी सरकारने धावून जावे हे योग्यच होते, आणि ते धावले. १७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या कृषिखात्याने १,९०० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांपैकी १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांस द्यावयाचे होते आणि ३०० कोटींचे अन्न विकत घेऊन गरजूंस वाटावयाचे होते. २६ मेपासून अर्ज घेण्यास आरंभ झाला. सप्टेंबरात १,४०० कोटींपर्यंतची दुसरी योजना आली. त्या एका वर्षी सर्व योजना मिळून शेतकऱ्यांस सरकारकडून जी रक्कम मिळाली ती ४,५०० कोटी डॉलरांच्या आसपास होती. तोपर्यंत एका वर्षात इतके द्रव्य कधीही दिले गेले नव्हते.

या वाटपाची यंत्रणाही प्रशंसनीय आहे. बहुतेक ग्रामीण काउंटींतील शेतकऱ्यांस जवळच कृषिखात्याची कचेरी असते आणि तिच्या कामावर शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेली एक समिती असते. कोणाचे शेत कोठे, त्यात कोणते पीक किती एकर, हे तेथे वर्षानुवर्षे नोंदलेले असते. साथीच्या दिवसांत कचेऱ्यांची दारे बंद असतानाही दूरध्वनीवरून व टपालाने अर्ज घेतले गेले, शेतकऱ्याच्या सहीच्या निवेदनावर विश्वास ठेवला गेला आणि रक्कम थेट बँकेत जमा झाली. वाटेत जिरण्याची तक्रार येथे मुख्य नव्हती. तेव्हा आपल्या मंडळींचा समज इतक्यापुरता खरा आहे.

आता अंकगणिताकडे वळू. १६ एप्रिल ते १४ मे या काळात शेतकऱ्याजवळ जास्तीत जास्त जितकी डुकरे होती, त्यांवर दर डुकरामागे १७ डॉलर, असा पहिल्या योजनेतील एक दर होता. ज्याच्याजवळ १०० डुकरे त्यास १,७०० डॉलर, आणि ज्याच्याजवळ १०,००० त्यास १,७०,००० डॉलर. त्या वेळी डॉलर सुमारे ७५ रुपयांचा होता. म्हणजे एकास सव्वा लाख रुपये आणि दुसऱ्यास सव्वा कोटीहून अधिक. दर दोघांस सारखाच आहे, गणितात कोठेही चूक नाही. दोघांच्या नुकसानीचे प्रमाणही कदाचित तेच असेल. परंतु ज्याच्या घरी १०० डुकरे त्याच्याही घरी चार माणसे जेवावयाची होती, आणि ज्याच्याजवळ १०,००० त्याच्याही घरी कदाचित चारच. कोणाही एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरांहून अधिक मिळू नयेत, अशी वरची मर्यादा होती. भागीदारीच्या संस्थांस ती साडेसात लाखांपर्यंत वाढविता येत असे. वरती छत होते, पण खाली जमीन नव्हती. म्हणजे इतके तरी प्रत्येकास मिळालेच पाहिजे असा नियम नव्हता. जनावरांची गणना झाली, माणसांची झाली नाही.

तीच गोष्ट दिनांकांची. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या मुदतीत भाव न ठरविता विकलेल्या डुकरांस वेगळा व अधिक दर होता. मोठ्या डुकरास १८ डॉलर, लहानास २८. वर्दिंग्टनचा कारखाना बंद झाला तो २० एप्रिलला, म्हणजे ही मुदत संपल्यावर अवघ्या पाच दिवसांनी. ज्याचा माल आधी विकला गेला होता त्यास तो अधिक दर मिळाला, आणि कारखाना बंद पडल्याने ज्याचा माल दारात अडकला त्यास मात्र केवळ १७ डॉलरांचा हिशोब लागू झाला. सप्टेंबरातील दुसऱ्या योजनेने दर डुकरामागे २३ डॉलर देऊन या त्रुटीची काही भरपाई केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु सरकारी मुदत मोडक्या घड्याळासारखी असते. ती आपत्तीच्या वेळेशी जुळतेच असे नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्या मुलखात पुष्कळसे शेतकरी स्वतःची डुकरे पाळीत नाहीत. जनावरे व खाद्य मोठ्या मालकाचे किंवा कंपनीचे. गोठा, कष्ट आणि गोठ्यासाठी काढलेले बँकेचे कर्ज शेतकऱ्याचे. त्यास ठरल्याप्रमाणे संगोपनाचा मोबदला मिळतो. साथीमुळे कंपनीने नवी पिल्ले धाडण्यास विलंब केला की याचा गोठा रिकामा पडतो. कर्जाचा हप्ता मात्र रिकामा राहत नाही. या शेतकऱ्यांस पहिल्या योजनेत काही मिळाले नाही, दुसऱ्या योजनेतही नाही. कारण नियम असा की, मालाच्या भावाची जोखीम ज्याच्या शिरी त्यालाच साहाय्य. पहाटे उठून गोठ्यात जाणारा कोण, हा प्रश्न अर्जात नव्हता. जनावर कोणाच्या मालकीचे, हा होता.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून अशा करारावर जनावरे पोसणाऱ्यांसाठी १०० कोटी डॉलरांपर्यंतची तरतूद केली. त्यांच्या अर्जांचा मार्ग प्रत्यक्षात मोकळा झाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. मालकास २०२० च्या उन्हाळ्यात मिळालेले साहाय्य राबणाऱ्यास मिळण्यास २०२१ चा शरद ऋतू उजाडला. आणि कारखान्यात उभे राहून ज्यांनी आजार ओढवून घेतला त्या कामगारांचे काय? मांसप्रक्रिया व शेतमजुरी करणाऱ्यांस प्रत्येकी ६०० डॉलर देण्याची कृषिखात्याची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली आणि ती रक्कम संस्थांच्या मार्फत त्यानंतर पोहोचविण्यात आली. एकीकडे अडीच लाखांची कमाल मर्यादा आणि दुसरीकडे सहाशेची ठरीव रक्कम, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तर कोणाही विद्यार्थ्यास त्यांतील अंतर समजेल.

हे सर्व दुष्ट बुद्धीने झाले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. घाईच्या वेळी हाताशी जी यादी असते तीच कामी येते, आणि यादी असते ती मालकांची. अमेरिकेस याचा पूर्वानुभवही होता. १९३३ साली मंदीच्या काळात तेथील सरकारने कापसाचे भाव सावरण्यासाठी उभे पीक मोडण्याबद्दल शेतकऱ्यांस पैसे दिले आणि सुमारे १ कोटी एकरांवरील कापूस नांगरून टाकविला. पैसे जमीनमालकाच्या हाती पडले. त्यातील वाटा त्याने कुळास द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी तो दिला नाही, उलट पीकच नाही तर कूळ कशाला, म्हणून कुळांस घराबाहेर काढले. त्यातूनच १९३४ साली आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा या गावी काळ्या व गोऱ्या कुळांनी मिळून आपली संघटना स्थापिली. साहाय्याचा हेतू चांगला होता. पण ते ज्याच्या नावे गेले त्याच्याच घरी थांबले.

बंधुभगिनींनो, आता आपण आपल्या गावी परत येऊ. आपल्या सरकारनेही त्या वेळी तत्परता दाखविली होती. २६ मार्च २०२० रोजी घोषणा होऊन पंतप्रधान किसान सन्मान योजनेतील २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलातच देशातील ८ कोटींहून अधिक शेतकरी कुटुंबांच्या खात्यांवर जमा करण्यात आला. हे शक्य झाले ते नावे, खाती आणि जमिनीच्या नोंदी आधीच तयार होत्या म्हणून. आणि ज्याच्या नावे जमीन नाही तो, जन्मभर नांगर धरलेला असला तरी, या योजनेत बसत नाही. त्यासही त्याच वेळी टाळेबंदीने घेरले होते.

आपल्या मंडळीपैकी अनेकांची जमीन गावी आहे आणि ती कोणी बटाईने, कोणी अर्धेलीने, कोणी खंडाने दुसऱ्यास लावून दिलेली आहे. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो. त्याचे कारणही सर्वांस ठाऊक आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांची आठवण घराघरांत अद्याप जागी आहे. कागद केला तर जमीन जाईल ही धास्ती आजोबांकडून नातवाकडे आली आहे. ती धास्ती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचा परिणाम असा होतो की, गारपीट झाली, अतिवृष्टी झाली, तर पंचनामा शेतात होतो आणि पैसे सात-बाऱ्यावरील नावाच्या खात्यावर जमा होतात. बियाणे, खत आणि घाम ज्याचा, तो बांधावर उभा राहून पाहतो.

कुक्कुटपालनाचीही तीच कथा. आपले कित्येक तरुण कंपनीकडून पिल्ले व खाद्य घेऊन, स्वतःच्या शेडमध्ये कोंबड्या वाढवून, किलोमागे ठरल्या दराने मोबदला घेतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोविड होतो अशी खोटी अफवा उठली आणि भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले. पिल्ले येणे थांबले, शेड रिकाम्या राहिल्या. नोबल्स काउंटीतील शेतकऱ्याचा रिकामा गोठा आणि आपल्या पोरांची रिकामी शेड, या दोहोंत सात समुद्रांचे अंतर आहे. पण दोहोंचे दुःख एकाच जातीचे आहे.

आता आपल्या निधीविषयी. आपल्या संस्थेची सभासद नोंदवही ही आपली हाताशी असलेली यादी होय. तीत कुटुंबप्रमुखाचे नाव असते. माहेरी परतलेली विधवा भगिनी, वेगळे निघालेले धाकटे भाऊ, वर्गणी थकल्याने गळालेले कुटुंब यांची नावे तीत असतीलच असे नाही. आपत्ती आली की प्रथम त्यांच्याच घरी चूल विझते. यास्तव नियमावली करताना पुढील गोष्टींचा विचार व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, नोंदवही ही आरंभीची यादी मानावी, अखेरची मानू नये. प्रत्येक गावी दोघांनी, आणि त्यांपैकी एक भगिनी असावी, घरोघर जाऊन यादी पुरी करावी. आणि हे काम आपत्ती येण्यापूर्वीच, दरवर्षी, निवांतपणे व्हावे.

दुसरी गोष्ट, पहिली रक्कम घरातील माणसांच्या संख्येवर द्यावी, एकरांवर अगर नुकसानीच्या आकड्यावर देऊ नये. मोठ्या नुकसानीस दुसरा हप्ता चौकशीनंतर खुशाल द्यावा. परंतु ताटात पडावयाचे ते प्रथम सर्वांच्या ताटात सारखे पडावे.

तिसरी गोष्ट, मुदतीचे दिनांक ठरविताना ते पुढे सरकविण्याची मुभा राखावी, आणि ज्याचा अर्ज नाकारला त्यास कारण लेखी कळवून पुन्हा मागण्याची संधी द्यावी.

चौथी गोष्ट बोलताना आम्हांस थोडा संकोच होतो, तरी ती बोलल्याविना राहवत नाही. आपल्या सभासदांच्या शेतात राबणारा बटाईदार आणि सालगडी बहुधा आपल्या ज्ञातीचा नसतो. निधी ज्ञातीच्या देणग्यांतून उभा राहिला आहे, तो बाहेर का जावा, असा प्रश्न येईल आणि तो गैरवाजवी नाही. आमचे उत्तर एवढेच की, ज्या शेताच्या उत्पन्नातून ती देणगी आली त्या शेतात त्याचाही घाम आहे. निधीचा एक दशांश भाग अशा कुटुंबांसाठी, ज्ञातीचा विचार न करता, राखून ठेवावा. आणि ज्यांच्या खात्यावर सरकारी नुकसानभरपाई जमा होईल त्या आपल्या सभासदांनी, पिकात बटाईदाराचा जितका वाटा तितका भरपाईतही त्याचा, असे मानून तो त्यास आठ दिवसांत पोहोचता करावा. यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जमीन आपल्याच नावे राहील. फक्त साहाय्य तेथेच थांबणार नाही.

याच्या जोडीस प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचे कागदही पाहावेत. वडील वारले तर वारस नोंद झाली आहे काय? आईचे, पत्नीचे, बहिणींचे नाव सात-बाऱ्यावर आहे काय? महाराष्ट्रात १९९२ साली लक्ष्मीमुक्तीच्या योजनेने पत्नीचे नाव जमिनीवर लावण्याचा मार्ग सुलभ केला, त्यास तीन दशके उलटली; आपल्यापैकी किती घरांत ते नाव लागले, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. सरकार कोणत्याही देशाचे असो, संकटाच्या घाईत ते कागदावरील नावच वाचते. कागदावर नाव नसलेल्या माणसास ओळखणे हे सरकारास कठीण जाते. शेजाऱ्यास, आप्तास आणि आपल्यासारख्या संस्थेस ते कठीण नाही. किंबहुना अशा संस्थेचे असण्याचे मुख्य कारणच ते आहे.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपाने मांडण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागत आहोत. सभासदांनी तिजवर मोकळेपणाने चर्चा करावी, तीत काही उणे असल्यास सुधारावे, परंतु निधीतील पहिला रुपया खर्च होण्यापूर्वी हा निर्णय अवश्य व्हावा, एवढी विनंती आहे.